थंडीत सकाळी ट्रॅक्टरची लिफ्ट कुंथत उचलते, दुपारी ठणठणीत. नक्की बघायचं काय?

रानवारा
मंडळी, ट्रॅक्टर सेकंडहँड आहे, पन्नास एचपीच्या आतला, उन्हाळ्यात घेतला. उन्हाळा पावसाळा लिफ्टची (मागचं अवजार वर-खाली करणारी हायड्रॉलिक) एक तक्रार नव्हती. आता थंडी पडली, सकाळी पारा ५ डिग्रीच्या आसपास असतो, आणि रोटाव्हेटर जोडून लिव्हर वर केला की आधी काहीच होत नाही, मग पंपातून घूंऽऽ असा आवाज येतो आणि मग रोटाव्हेटर हळूहळू वर सरकायला लागतो. गरम झाल्यावर तीनेक सेकंदात वर जातो तो सकाळी पंधरा-वीस सेकंद घेतो, मधेच थांबतो, झटका मारून परत उचलतो. अर्धा-पाऊण तास काम झालं की जसं काही झालंच नव्हतं.
ऑईल लेव्हल दांडीवर बरोबर दोन खुणांच्या मधे आहे. एक मेकॅनिक म्हणतो पंप गेला, नवीन टाका. दुसरा म्हणतो लिफ्ट उघडून रॅमच्या (अवजार उचलणारा सिलिंडर) पिस्टनच्या ओ-रिंग (रबरी सील) बदला. दोघांनीही अजून एक बोल्ट सैल करून बघितलेला नाही. खर्चात पडायच्या आधी इथल्या जाणत्यांना विचारावं म्हटलं.

अर्धा_इंची_पाना
रुमाल टाकून ठेवतो. माझाही सेम प्रॉब्लेम.

उगाचच
स्वेटर घाला ट्रॅक्टरला. आत्ताच सांगतो, नंतर धागा पन्नास प्रतिसादांवर गेला की शेवटी हेच निघणार.

जुना_फिटर
रानवारा, पंप बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.
आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पंप घासला असेल किंवा रॅमची ओ-रिंग गेली असेल तर आतल्या आत ऑईल मागे गळतं, आणि गळायला पातळ ऑईल लागतं. म्हणजे असा ट्रॅक्टर सकाळी गार असताना बरा उचलतो आणि दुपारी तापला की ढेपाळतो, उचललेलं अवजार हळूहळू खाली बसतं. तुमचं बरोबर उलटं आहे. गार असताना सुस्त आणि गरम झाल्यावर ठीक म्हणजे पंपाला ऑईल मिळत नाहीये. माल येतच नाही तर तो पुढे ढकलणार काय. तेव्हा सगळं लक्ष पंपाच्या मागच्या बाजूला, सक्शनकडे, म्हणजे ऑईल ओढायच्या बाजूकडे द्या. ऑईल कुठलं आहे, ऑईल गाळणारी जाळी कशी आहे, फिल्टर कधी बदललाय, सक्शन पाईप आणि त्याचे जॉइंट. पंप आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी उघडायची.
आता दोन प्रश्न. सकाळी अवजार खाली सोडतानाही वेळ लागतो का फक्त उचलतानाच? आणि तो घूं आवाज एकसारखा येतो का खडखड-करकर असा?

सौ_टॉपलिंक
फिटरकाकांना +१. शिवाय दांडी काढून बघाल तेव्हा नुसती लेव्हल बघू नका, ऑईलचा रंग बघा. काम करून आल्या आल्या बघा आणि रात्रभर उभा राहिल्यावर बघा. आल्या आल्या फेस दिसत असेल आणि सकाळी तो बसून ऑईल परत नितळ झालं असेल तर हवा ओढतोय. सकाळीही दुधट पांढरट दिसत असेल तर पाणी आहे.

डिझेल्या
एवढं काय डोकं लावताय. दोन लिटर डिझेल ओता मागच्या हौसिंगमध्ये (गिअर-लिफ्टचं ऑईल असतं ती पेटी), ऑईल पातळ होतं, लिफ्ट चटाचट. आमच्याकडे वर्षानुवर्षं करतात, कोणाचा ट्रॅक्टर मेला नाही.

सेंटीस्टोक
अरे देवा.

जुना_फिटर
डिझेल्या भाऊ, मेला नाही कारण मरायला वेळ लागतो. दोन सीझननंतर तोच पंप घेऊन माझ्यासारख्याकडे येतात आणि म्हणतात कंपनीचा माल आता पूर्वीसारखा राहिला नाही.

सेंटीस्टोक
डिझेलचं कारण नीट सांगतो, कारण हा सल्ला दर थंडीत कुठून ना कुठून उगवतो.
ऑईल पातळ करायची कल्पना वेडी नाही. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पिस्टन इंजिनात थंडीत हेच करायचे, इंजिन बंद करायच्या आधी ऑईलमध्ये पेट्रोल सोडायचे म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन फिरेल. पण तिथे इंजिन तापलं की पेट्रोल उडून जायचं आणि ऑईल परत मूळ दाटपणावर यायचं. ट्रॅक्टरच्या मागच्या हौसिंगमधलं ऑईल तेवढं तापत नाही आणि डिझेल पेट्रोलसारखं उडतही नाही, त्यामुळे ओतलेलं डिझेल तिथेच राहतं. सकाळी लिफ्ट बरी वाटते आणि दुपारी ऑईल ६०-७० डिग्रीला गेलं की ते गरजेपेक्षा पातळ झालेलं असतं, आणि त्याच ऑईलवर तुमचे गिअर, बेअरिंग आणि ऑईल ब्रेकही (ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक) चालतात. फक्त लिफ्टचा विचार करून कसं चालेल.

डिझेल्या
पुस्तकी ज्ञान. प्रॅक्टिकल वेगळं असतं.

उगाचच
प्रॅक्टिकल म्हणजे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर करून बघतात ते.

रानवारा
सगळ्यांचे आभार. फिटरकाका, खाली सोडतानाही सकाळी वेळ लागतो, उचलण्याइतका नाही पण जाणवतो. आवाज सुरुवातीला घूं असा एकसारखा, रेस वाढवली की करकर, आत बारीक खडी फिरतेय असा. रेस कमी केली की करकर थांबते. टॉपलिंकताई, काम करून आल्यावर दांडीवर थोडे बुडबुडे होते, सकाळी नव्हते. रंग काळपट मधासारखा, पांढरा नाही. कुठलं ऑईल आहे ते माहीत नाही, आधीच्या मालकाला विचारलं तर म्हणे मेस्त्रीने टाकलं होतं.

जुना_फिटर
खाली सोडतानाही वेळ लागतो हे फार कामाचं सांगितलंत. खाली येताना पंपाचा संबंध नसतो, अवजाराच्या वजनानेच रॅममधलं ऑईल बाहेर पडतं. तिथेही सुस्ती म्हणजे ऑईलच दाट आहे. (सीटखालचा रिस्पॉन्सचा नॉब कोणी आवळून ठेवलेला नाही ना ते एकदा बघा, त्यानेही खाली यायला वेळ लागतो, पण तो सकाळ-दुपार भेदभाव करत नाही.)
रेस वाढवली की खडी फिरल्यासारखा आवाज म्हणजे पंप उपाशी आहे. अशा वेळी रेस दाबून लिफ्ट लवकर वर नेऊ नका, त्यानेच पंप खलास होतो. आज चांगला असलेला पंप थंडीभर असा चालवला तर उन्हाळ्यात तुमचा मेकॅनिक खरा ठरेल.

सेंटीस्टोक
थोडे आकडे देतो, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढे जावं.
पंप ऑईल ओढतो असं आपण म्हणतो पण तो फक्त जागा रिकामी करतो, त्या जागेत ऑईल ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि तो आहे सगळा मिळून १ बार. पुढच्या बाजूला पंप १५०-२०० बार सहज तयार करेल, मागच्या बाजूला मात्र १ बारच्या वर कोणीच काही करू शकत नाही. त्यातलेही ०.२-०.३ बार जाळी, पाईप, फिल्टर यांत गेले की गिअर पंप कुरकुरायला लागतो. मग ऑईलमध्ये विरघळलेली हवा बाहेर येते, पोकळ बुडबुडे तयार होतात, ते दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात, तीच ती खडी. त्याने धातूला खड्डे पडतात.
आता दाटपणा. हायड्रॉलिक ऑईलवर जो ६८ नंबर असतो तो ४० डिग्रीला मोजलेला असतो, ६८ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक). तेच साधं ६८ नंबर ५ डिग्रीला साडेसहाशेच्या आसपास जातं, म्हणजे जवळपास दहापट. शून्याला हजार. चांगलं मल्टीग्रेड ट्रॅक्टर ऑईल, १०डब्ल्यू-३० वालं यूटीटीओ (गिअर, लिफ्ट, ब्रेक सगळ्यांना चालणारं एकच ऑईल), ५ डिग्रीला चारशेच्या आसपास राहतं. आणि कोणी गिअरचं नव्वद नंबर भरून ठेवलं असेल तर ५ डिग्रीला ते अडीच हजाराच्या पुढेमागे असतं. गिअर पंपाला काम करताना साधारण १२ ते १०० मधलं ऑईल आवडतं. करा हिशोब.

अर्धा_इंची_पाना
पण आमच्या मॅन्युअलमध्ये तर ८० नंबर लिहिलंय, ते इंजिनच्या २०डब्ल्यू-४० पेक्षा दाट नाही का? म्हणजे कंपनीच दाट ऑईल सांगते ना.

सेंटीस्टोक
नाही. गिअर ऑईलची आणि इंजिन ऑईलची फूटपट्टी वेगळी आहे. गिअरचं ८० आणि इंजिनचं २०-३० हे जवळपास एकाच दाटपणाचे असतात. ८० आकडा मोठा दिसतो म्हणून ते दाट समजू नका. गिअर ९० मात्र खरंच दाट, ४० डिग्रीलाही ते हायड्रॉलिक ६८ च्या पावणेतीनपट वगैरे भरतं. जुन्या ट्रॅक्टरांत मेस्त्री लोक "गिअर वाजतात" म्हणून ९० भरतात, गिअरचा आवाज कमी होतो आणि लिफ्टचा वाढतो.

सौ_टॉपलिंक
आणि ऑईल ब्रेकवाल्या ट्रॅक्टरात ९० भरलं तर ब्रेक लावताना मागून कर्र्र असा आवाज येतो. रानवारा, ब्रेक वाजतात का तुमचे?

रानवारा
वाजतात! मला वाटलं जुना आहे म्हणून.

उगाचच
हे बघा, डॉक्टर मंडळींनी पेशंट न बघता फोनवरून निदान केलं. पंपाला सर्दी झालीय, नाक चोंदलंय.

हिमवाट
मी राहतो तिथे वर्षातले काही महिने पारा शून्याच्या खालीच असतो, उणे १५-२० सुद्धा, त्यामुळे माझे दोन शब्द. ५ डिग्रीला एवढा त्रास होतोय म्हणजे नुसती थंडी नाही, काहीतरी जोडीला आहे. आमच्याकडे योग्य ऑईल असेल तर उणे दहालाही लिफ्ट कुरकुरत का होईना पण चालते.
पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. ऑईलचा रंग नितळ आहे म्हणजे पाणी नाही असं नसतं, पाणी तळाला बसतं आणि जाळीही तळालाच असते. शून्याखाली ते जाळीवरच गोठतं आणि लिफ्ट एकदम बंद, हळू वगैरे नाही, बंद. मग तास-दोन तासाने बर्फ वितळला की सुरू. कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने फुगतो आणि त्यातून ऑईल जात नाही, हा प्रकार शून्याच्या वरही होतो.
बघायची सोपी पद्धत. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहू द्या, सकाळी सुरू न करता ड्रेन प्लग जरासा सैल करून पहिलं अर्धा वाटी ऑईल पारदर्शक बाटलीत घ्या. मग त्यातला एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका. तडतडलं तर पाणी आहे.

जुना_फिटर
एकदम बरोबर. पाणी बहुतेक वेळा ब्रीदरमधून (हौसिंगची हवा जायची-यायची वाट) किंवा गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून जातं. प्रेशरने ट्रॅक्टर धुणारे लोक नेमका तिथेच फवारा मारतात.

थंडोबा
एक साधा उपाय कोणी सांगितलाच नाही. चेंबरखाली शेकोटी करा थोडी. दहा मिनिटात ऑईल पातळ.

सौ_टॉपलिंक
थंडोबा, कृपया हे कोणाला सांगू नका. खाली डिझेलचे थेंब, ऑईलचा चिकटा, वायरिंग, आणि एका जागी तळ तापून ऑईल जळतं ते वेगळं. ट्रॅक्टर आणि शेड दोन्ही जातील.

थंडोबा
लोक ट्रकखाली करतात की.

उगाचच
करतात आणि मग त्यांचे फोटो येतात.

हिमवाट
आमच्याकडे तळाला चिकटवायचे इलेक्ट्रिक हीटर पॅड मिळतात, चुंबकाचे पण असतात. रात्रभर कमी वॅटवर लावून ठेवायचे. पण ५ डिग्रीसाठी त्याची गरज नाही हो. ट्रॅक्टर वाऱ्यापासून आडोशाला लावला आणि सकाळी सुरू करून दहा-पंधरा मिनिटं हजार-बाराशे आरपीएमवर सोडला तरी बरंच काम होतं. क्लच सोडून ठेवायचा, गिअर न्यूट्रलला, म्हणजे आतले शाफ्ट फिरून ऑईल घुसळलं जातं. बरेच लोक क्लच दाबून स्टार्ट करतात आणि मग तसेच बसून राहतात, आतलं काहीच फिरत नाही.

नट_बोल्ट
आमचा ड्रायव्हर लिव्हर एकदम वर धरून ठेवतो, रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) वाजतो आणि ऑईल गरम होतं. लवकर होतं खरं. हे बरोबर की चूक?

सेंटीस्टोक
गरम होतं हे खरं आहे. पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल आणि रिलीफ १८० बारला उघडत असेल तर ३० गुणिले १८० भागिले ६०० म्हणजे ९ किलोवॅटची उष्णता. ४० लिटर ऑईलला दर डिग्रीला सात-आठ सेकंद पुरतात, कागदावर. मी तर म्हणेन दहा-पंधरा सेकंद धरा, सोडा, परत धरा, वाईट पद्धत नाही.

जुना_फिटर
इथे माझं जमत नाही. कागदावर ४० लिटर एकदम तापतं. खरं बघायला गेलं तर रिलीफच्या तोंडाशी थेंबभर जागा तापते आणि हौसिंगच्या तळाला गारच असतं, आणि पंप नेमका उपाशी असताना तुम्ही त्याला पूर्ण दाबावर धरताय. उपाशी पोटी ओझं उचलायला लावण्याचा प्रकार. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्ट पूर्ण वर गेली की व्हॉल्व्ह आपोआप न्यूट्रल होतो, रिलीफ वाजतच नाही. ज्याचा वाजत राहतो त्याचं वरचं ॲडजस्टमेंट बिघडलेलं असतं. नट_बोल्ट, तुमचा रिलीफ वाजतो म्हणजे तो वेगळाच आजार आहे, लिव्हर वर केल्यावर वरच्या टोकाला आवाज बंद झाला पाहिजे.

सेंटीस्टोक
व्हॉल्व्ह न्यूट्रल होण्याचा मुद्दा मान्य. दाबाचं मात्र पटत नाही, पंप करकरत नसेल तर मधूनमधून लोड द्यायला हरकत नसावी. करकरत असेल तर नको.

जुना_फिटर
हां, करकरत नसेल तर. पण करकरत नसेल तर मग गरम कशाला करताय?

सेंटीस्टोक
:) बरं.

जुन्या_ट्रॅक्टरांचा_वेडा
थोडं अवांतर. हॅरी फर्ग्युसनने ड्राफ्ट कंट्रोलचं (अवजारावरच्या ओढीप्रमाणे लिफ्ट आपोआप वर-खाली होणं) पेटंट १९२६ मध्ये घेतलं आणि १९४६ मध्ये आलेल्या त्याच्या टीई-२० मध्ये पंप हौसिंगच्या आत, ऑईलमध्येच बुडालेला होता, अवजारं फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवर फिरणारा. सक्शन पाईप, जॉइंट, त्यातून हवा ओढणं, ही भानगडच नाही. गंमत म्हणजे त्यात कंट्रोल व्हॉल्व्ह पंपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे ऑईल आत घेण्याच्या बाजूला आहे, पंपाला ऑईल द्यायचं की नाही हेच लिव्हर ठरवतो. क्लच दाबला की पंप बंद, लिफ्ट बंद. त्याच वंशातल्या नंतरच्या बऱ्याच ट्रॅक्टरांतही पंप आतच असतो.
तेव्हा रानवारा, आधी सांगा तुमचा पंप बाहेर इंजिनच्या बाजूला आहे का आत? आत असेल तर वरच्या निम्म्या सल्ल्यांचा उपयोग नाही.

रानवारा
पंप बाहेर, इंजिनच्या उजव्या बाजूला. मागून एक लांब पाईप येतो, मधे रबरी होजचा तुकडा आहे, दोन क्लिपांनी आवळलेला.

जुना_फिटर
धन्यवाद वेडेबुवा, हा प्रश्न मीच आधी विचारायला हवा असं कोणी म्हणायच्या आत पुढे जातो. रबरी होज! तिथेच बघा.
काय करायचं. सकाळी गार असताना स्टार्ट करा, हजाराच्या आत आरपीएम ठेवा, अवजार खाली टेकलेलं पाहिजे. सहाय्यकाला लिव्हर वर करायला सांगा, रेस वाढवू नका. पंप घूं करायला लागला की त्या होजकडे बघा, चपटी होते का. जुनी होज आतून मऊ होते आणि व्हॅक्यूम आला की गालफडं आत ओढल्यासारखी बसते. मग प्रत्येक क्लिपवर, पंपाच्या फ्लँजवर, फिल्टरच्या झाकणाच्या कडेवर तेलाच्या कुपीने थोडं थोडं ऑईल सोडत जा. ज्या ठिकाणी ऑईल सोडल्यावर पंपाचा आवाज क्षणभर बदलला, तिथून हवा जातेय. तिथे बाहेर ऑईल गळताना दिसणार नाही, कारण तिथे ऑईल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच लोकांना ते सापडत नाही. फॅन आणि बेल्टपासून हात लांब ठेवा.

सेंटीस्टोक
याला जोड म्हणून. पाईपमधून दाट ऑईल जाताना व्यासाच्या चौथ्या घाताने फरक पडतो. आतला व्यास १० टक्के कमी झाला की तेवढ्याच दाबात प्रवाह एक तृतीयांश कमी. त्यामुळे होज थोडीशी जरी बसली तरी फरक मोठा.
आणि जे उंचावर राहतात त्यांच्यासाठी, ३००० मीटरवर हवेचा दाबच ०.७ बारच्या आसपास असतो, थंडीही जास्त. तिथे सक्शनची चैन करता येत नाही.

सौ_टॉपलिंक
कडक झालेल्या ओ-रिंगही थंडीतच दगा देतात. गरम असताना रबर फुगून जागा भरतं, गार झालं की आक्रसतं. दुपारी शोधाल तर गळती सापडणारच नाही. जे काही तपासायचं ते सकाळीच तपासा.
आणि एक सांगते, प्रेशरच्या बाजूच्या पाईपवर हात फिरवून गळती शोधू नका. सुईच्या छिद्रातून १५० बारचं ऑईल कातडीच्या आत जातं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि दुखतही नाही सुरुवातीला. तसं झालं तर घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा आणि हायड्रॉलिक ऑईल आत गेलंय असं सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा.

अर्धा_इंची_पाना
मी पण आज सकाळी बघितलं. माझा सकाळी चांगला उचलतो, दुपारी दोननंतर कल्टिव्हेटर उचलायला रडतो आणि उभा ठेवला की खाली येतो.

जुना_फिटर
मग सेम कुठे? तुमचं बरोबर उलटं आहे. तुमच्याकडे आतली गळती आहे, तुमच्या मेकॅनिकचं ऐका. इंजिन बंद केल्यावर किती वेगाने खाली येतो ते बघा. भराभर येत असेल तर रॅम किंवा व्हॉल्व्ह. जागेवर राहत असेल आणि फक्त उचलायला रडत असेल तर पंप. आणि उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका, खाली लाकडी ठोकळा लावा.

अर्धा_इंची_पाना
बरं. नवीन धागा काढतो.

रानवारा
अपडेट द्यायला उशीर झाला. काल सकाळी बसलो. सांगितल्याप्रमाणे लिव्हर वर करायला लावला आणि होजकडे बघत राहिलो. होज चपटी झाली, अगदी नजरेसमोर, मधोमध एक पन्हाळ पडल्यासारखी, आणि रेस कमी केली की परत गोल. क्लिपवर ऑईल सोडलं तर मागच्या क्लिपला आवाज बदलला, म्हणजे तिथून हवाही जात होती.
मग ऑईल काढलं. प्लग उघडल्यावर धार पडायच्या आधी ऑईलची जाड दोरी लोंबत होती. काढायला सकाळ गेली. वास गंधकाचा, सेंटीस्टोक म्हणाले तसं गिअरचंच असावं. पाणी फार नव्हतं, पत्र्यावर किंचित तडतडलं. जाळी काढली तर तिच्यावर काळ्या चिखलाचा थर, त्यात कागदाचे तंतू आणि लाल गॅस्केट शीलंटच्या शेवया. जाळीचा अर्धा भाग बंदच होता.

जुना_फिटर
शीलंट! झाकण बसवताना लोक बोटभर जाड लावतात, बाहेर येतं तेवढंच आत जातं आणि आत गेलेलं जाळीवर जाऊन बसतं. गॅस्केट असेल तर शीलंट लागतच नाही.
होज नवी घेताना साधी डिझेलची घेऊ नका. सक्शनची होज वेगळी असते, आत तारेचं स्प्रिंग असतं, ती बसत नाही.

डिझेल्या
थोडं डिझेल टाकून धुऊन काढलं असतं तर चिखल निघाला असता.

सौ_टॉपलिंक
काढताना धुवायला डिझेल चालेल हो, जाळी डिझेलमध्येच धुतात. भरून चालवायला नको, एवढंच म्हणणं आहे. डिझेल्या, इथे तुमचं पहिल्यांदाच पटलं.

डिझेल्या
मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

उगाचच
टाळ्या.

रानवारा
जाळी धुतली, फिल्टर नवा, तारेवाली होज, दोन्ही क्लिपा नव्या, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं यूटीटीओ भरलं. आज सकाळी ६ डिग्री होतं. पहिल्यांदा उचलायला पाच-सहा सेकंद, दहा मिनिटं चालल्यावर चार. घूं अगदी थोडं, करकर नाही. ब्रेक अजून वाजतात पण आधीपेक्षा कमी.

हिमवाट
पाच-सहा सेकंद थंडीत ठीकच आहे, तीनच हवेत असा हट्ट धरू नका. आयडलला तर आणखी हळू होणार, पंप जेवढा फिरेल तेवढंच ऑईल देणार. ब्रेकच्या प्लेटांमध्ये जुनं ऑईल मुरलेलं असतं, ते निघायला वेळ लागतो.

नट_बोल्ट
म्हणजे पंप ठीक होता शेवटी?

जुना_फिटर
उचलतोय म्हणजे चालू आहे. पण उपाशी चाललाय बरेच दिवस, खड्डे पडले असतील तर उन्हाळ्यात कळेल. रानवारा, ऑईल चांगलं तापलेलं असताना उचलायला किती वेळ लागतो तो आत्ताच मोजून कुठेतरी लिहून ठेवा. उन्हाळ्यात तोच वेळ वाढला तर पंपाकडे बघू. आणि हा नवा फिल्टर पन्नास तासांनी परत बदला, बाजूच्या पोकळ्यांत आणि रॅममध्ये राहिलेलं जुनं ऑईल आणि चिखल आता पातळ ऑईलबरोबर सुटून येणार. जाळीही तेव्हाच बघा.

रानवारा
चालेल. एक शेवटचं, लेव्हल बघताना लिफ्ट वर ठेवायची का खाली? काल वर होती तेव्हा दांडी कमी दाखवत होती म्हणून मी आणखी ओतणार होतो.

सौ_टॉपलिंक
खाली. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, लिफ्ट पूर्ण खाली, आणि ट्रॉलीचा जॅक वगैरे जोडलेला असेल तर तोही खाली. वर असताना तेवढं ऑईल रॅममध्ये असतं. तेव्हा भरलंत तर खाली केल्यावर ब्रीदरमधून बाहेर येईल. ओतू नका, आधी खाली करून परत बघा.

रानवारा
बघितलं. वरच्या खुणेला बरोबर आहे.